रंग गेलेली पलटण

४ मे

चिंगे,

पत्ता तुझ्या बाबांकडून मिळाला. तीनदा मागितला तेव्हा त्यांनी विषय बदलला, चौथ्यांदा म्हणाले, "तिला विचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी सांगितला. म्हणजे त्यांनी तुला विचारलं असणार आणि तू नाही म्हणाली नसणार. तेवढ्या आधारावर लिहायला बसले आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर तीन वर्षं एकच टिक आहे. पत्राला टिक नसते हे एक बरं.

रडगाणं गात नाही, कामाचं विचारते. शिपायावर सगळ्यात आधी कुठला हात मारायचा, काळा, पांढरा की राखाडी? तुझ्या त्या लढायांच्या खेळाची तीन पुस्तकं वाचनालयातून आणली आहेत. एकात लिहिलंय, काळा मारला नाहीत तर सगळं फुकट. दुसऱ्यात लिहिलंय, काळा मारलात तर सगळं फुकट. तिसऱ्याने पहिली वीस पानं माझं अभिनंदन करण्यात घालवली आहेत, की मी या अद्भुत छंदात पाऊल टाकलं. पाऊल नेमकं कुठे टाकायचं ते मात्र सांगत नाही.

तुझे शिपाई माझ्याकडे आहेत. फेकले असतील असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. एकशे चव्वेचाळीस आहेत, मोजले. लॅबमध्ये कवळ्या ठेवायचे निळे डबे असतात ना, त्यातल्या सहा डब्यांत, एकेकात चोवीस. सगळे नुसत्या धातूचे, करडे. त्या पाण्याच्या भानगडीनंतर तसेच पडून होते. छत गळलं, तुझा खोका भिजला, बुरशी धरू नये म्हणून मी लॅबमध्ये नेऊन धुतले आणि तुझं चार वर्षांचं रंगकाम निघून गेलं. मी तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगते, असं मुद्दाम कुणी करत नाही.

तर झालं असं. गेल्या आठवड्यात लॅबमधली दात भाजायची भट्टी बंद पडली. दुरुस्तीला जो वायरमन आला, दाढीवाला, कानावर पेन्सिल, तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तुम्ही चिंगीच्या आई ना? नाक तेच आहे." तुमच्या क्लबचा तो म्होरक्या. सगळे त्याला वायरमन काका म्हणतात म्हणे. भट्टीत डोकं घालूनच त्याने सांगितलं, "ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी मोठी लढाई लावतोय. पुलाची. चिंगी येते म्हणालीय. पण नुसती बघायला. खेळायला माझ्याकडे आता काही नाही, म्हणाली."

"माझ्याकडे काही नाही." तो सहज बोलला. मी दिवसभर एक दात तीनदा भाजला.

ऑगस्टपर्यंत मी हे रंगवणार आहे. मी बावीस वर्षं ब्रश धरते आहे. पोर्सिलिनचा दात शेजारच्या खऱ्या दाताच्या रंगात मिळवून देते, तो डॉक्टरांनासुद्धा उजेडात धरून शोधावा लागतो. बोटाच्या दोन पेरांएवढा शिपाई मला जमू नये?

फक्त पहिला हात कुठला ते कळव.

आई


१५ मे

चिंगे,

कळवलं नाहीस. राखाडी मारला.

डब्यावर लिहिलं होतं, मोकळ्या हवेत फवारा. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून चोवीस जणांना उभं केलं आणि फवारलं. मोकळी हवा नेमकी तेव्हाच जागी झाली. अर्धा रंग शिपायांवर, उरलेला वरच्या वहिनींच्या चादरीवर. त्या जिन्यातूनच ओरडत आल्या, "अहो, काय चाललंय काय तुमच्याकडे? कारखाना काढलात?" मी माफी मागितली, चादर धुऊन देते म्हटलं. आणि बोलता बोलता निघून गेलं तोंडून, की तुमची गळती आम्ही नाही का सोसली तीन वर्षांपूर्वी. तर त्या भांडायलाच उठल्या. म्हणे आमच्याकडून एक थेंब कधी खाली आला नाही, वाटलं तर प्लंबरला विचारा. लोकांना आपल्या घरातलं काही आठवत नाही.

ते राहू दे. शिपाई वाळल्यावर हात फिरवून पाहिला तर अंगभर रवा. रंग हवेतच वाळून खडबडीत बसला होता. सगळे खरवडून परत. दुसऱ्यांदा जवळून फवारला तर इतका दाट बसला की नाकडोळे बुजले. चोवीस जण आणि एकालाही तोंड नाही. तिसऱ्यांदा जमला. तीन संध्याकाळी गेल्या, आणि अजून एकालाही खरा रंग लागलेला नाही!

जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये घेऊन बसते. मेणवाली विचारते, "हे कुणाचे दात?" (तुला आठवते ना ती, मेणाचे दात कोरते आणि दिवसभर बोलते.) मी म्हटलं, दात नाहीत, पायदळ आहे. म्हणाली, "बाई गं, दातांना कंटाळून माणसं सोडून जातात ऐकलं होतं, सैन्यात जातात हे नवीन." मग स्वतःच एक उचलून भिंगाखाली धरला आणि गप्प झाली. ती गप्प होणं किती दुर्मिळ ते तुला माहीत आहे. म्हणाली, "याच्या पाठीवरच्या पिशवीला बक्कल आहे गं."

आहे. प्रत्येकाच्या. दोन दोन. मी आत्ता पाहिली. तू हे एकशे चव्वेचाळीस वेळा रंगवलं होतंस, आणि मी तुझ्या टेबलाजवळून जाताना "आवर आता" याशिवाय काही म्हटल्याचं आठवत नाही.

आई


२ जून

चिंगे,

काल क्लबमध्ये गेले होते. वाचनालयाच्या मागचं सभागृह, वर पत्रे, टेबलांवर हिरवं कापड. तू सात वर्षं जिथे जात होतीस ती जागा मी पहिल्यांदा पाहिली. तिथे चहाचे कप ठेवायला वेगळं टेबल आहे आणि त्यावर पाटी आहे, "कप रणांगणावर आणू नयेत." मला वाटलं विनोद आहे. कप हातात घेऊन पुढे गेले, तर चार पुरुष एकदम ओरडले.

पहिली पलटण दाखवायला नेली होती. चोवीसच्या चोवीस पूर्ण. एकेकाला पाऊण तास दिला होता. निळा कोट पाच पातळ हातांत चढवला, दाताचा चढवतो तसा, खालचा हात वरच्यातून दिसेल असा. घड्यांत सावली आपोआप यावी म्हणून रंग विरळ करत नेला. गालांवर दोन छटा. भिंगाखाली धर, जिवंत दिसतो.

आधी आले बटणवाले. बारीक, चष्मा, खिशात गणवेशांचं पुस्तक. लोक त्यांना बटणवाले म्हणतात कारण दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या कोटाला किती बटणं हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगतात. त्यांनी भिंग काढलं.

"ताई, ही पलटण त्या वर्षी पिवळी कॉलर घालत नव्हती."

"मग काय घालत होती?"

"लाल. नऊ महिने फक्त. मग पुन्हा पिवळी झाली."

"मग माझे हे दहाव्या महिन्यातले आहेत."

वायरमन काका इतके हसले की त्यांच्या हातातली मोजायची टेप सर्रकन आत गेली. मलाही बरं वाटलं. पण मग त्यांनी माझी पलटण टेबलाच्या मधोमध ठेवली, मला दंडाला धरून चार पावलं मागे आणलं आणि म्हणाले, "आता बघा."

चिंगे, काही दिसत नव्हतं. शेवाळ. शेजारी कुणाचीतरी पलटण होती, जवळून पाहिली तर अक्षरशः फासलेली, चेहरा म्हणजे एक ठिपका आणि खाली एक रेघ. आणि ती दुरून अशी झळकत होती की बँड वाजतोय असं वाटावं. माझी अठरा तासांची मेहनत हिरव्या कापडावर डाग पडल्यासारखी.

"तुम्ही दात करता," काका म्हणाले. "दात कसा हवा? कुणाला कळू नये असा. बरोबर?"

"हो. कळला तर परत येतो."

"इथे उलटं आहे. चार फुटांवरून कळला नाही तर तो माणूस नाहीच. पांढरे पट्टे अजून पांढरे करा, निळ्यावर फिका निळा ठोकून मारा. लाजू नका."

मला राग आला. त्यांचा नाही, म्हणजे त्यांचाही. बावीस वर्षं मी एकच गोष्ट शिकले, की मी काही केलंय हे कुणाला कळता कामा नये. ती इथे दोष ठरली.

निघताना काका डबा उचलायला दारापर्यंत आले. म्हणाले, "एक विचारू का? चिंगी प्रत्येक शिपायाला दोन हात वॉर्निश द्यायची. तो रंग नुसत्या पाण्याने कसा काय निघाला?"

मी म्हटलं, लॅबचं धुवायचं मशीन फार जोरात थरथरतं.

ते म्हणाले, "हं."

त्या "हं"ची काही गरज होती का, तू सांग.

आई


२३ जून

चिंगे,

दोन पलटणी तयार, तिसरी अर्धी. आता पांढरे पट्टे असे मारते की मेणवाली म्हणते चष्मा लावून बघावं लागतं. छातीवरची पांढरी फुली काढताना श्वास सोडला की संपलं. काल एकाच शिपायाची चारदा पुसली. पाचव्यांदा तो माझ्याकडे बघून कंटाळला असेल.

काल पहिली लढाई खेळले. "खेळले" म्हणायचं म्हणून. मला एक टेकडी आणि माझ्या दोन पलटणी दिल्या, समोर बटणवाले. नियमांचं पुस्तक ज्याने लिहिलंय त्याला पूर्णविराम ठाऊक नसावा. पायदळ सहा इंच चालणार, ओळीत असेल तर चार, कुंपण असेल तर त्यातून दोन वजा, मागे अधिकारी उभा असेल तर एक जास्त, पण तो अधिकारी जखमी नसेल तर, आणि हे सगळं फासा टाकण्याआधी की नंतर ते पुढच्या प्रकरणात. मी वहीत उतरवून घेतलं. माझी चाल आली.

"ताई, तुमची चाल," काका म्हणाले.

"मी इथेच बरी आहे."

"तीन चाली तुम्ही तेच म्हणताय."

"खाली नेले आणि मेले तर?"

"तर डब्यात जातील. पुढच्या रविवारी जिवंत."

बटणवाले म्हणाले, "माझी ही पलटण नऊ वर्षांत अडीचशे वेळा मेली आहे. प्रकृती उत्तम."

सगळे हसले. मी हलवले नाहीत. त्यांनी सावकाश तोफा आणल्या आणि टेकडीवरच्या टेकडीवर माझे सगळे मारले. एकही पाऊल न टाकता हरलेली मी क्लबमधली पहिलीच असं कळलं.

बसमध्ये डबे मांडीवर घेऊन येताना आठवलं. तू पंधरा वर्षांची होतीस. स्वयंपाकघराच्या दारात टेप घेऊन उभी राहिलीस, म्हणालीस, "आई, अर्धा तास फक्त. तू टेकडी घे, तुला काही करावं लागणार नाही." मी म्हटलं, आवरून येते. मी आवरायला किती वेळ लावला असेन? तू नंतर विचारलं नाहीस.

तू तेव्हाच ओळखलं होतंस म्हणा, मला टेकडीच द्यावी लागणार.

आई


९ जुलै

चिंगे,

पाच पत्रं झाली यासकट. "आई, पुरे" एवढं तरी लिही. पाकीट न उघडता परत पाठव, तेही चालेल, निदान पोचतं हे कळेल. मी काय एवढं विचारते? वॉर्निश चमकणारं घ्यायचं की बिनचमकीचं, एवढंच. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "मला मध्ये घालू नका दोघींनी." जसे काही आम्ही दोघी बोलतोय आणि ते मध्ये आहेत.

चार पलटणी झाल्या. शहाण्णव. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याला घट्टा पडला आहे. सांगून ठेवते.

आई


२६ जुलै

चिंगे,

सगळं पांढरं झालं.

बिनचमकीचं घेतलं. मला कुणी काही सांगत नाही, मग मी माझ्या मनाने घेते. सकाळपासून हवा दमट होती, भिंतींना हात लावला तर ओल लागत होती, आणि कामाला जायच्या आधी आवरून टाकू म्हणून मी शहाण्णवच्या शहाण्णव गॅलरीत मांडले आणि फवारले. दहा मिनिटांनी बघते तर प्रत्येकावर धुकं. निळा नाही, लाल नाही, पट्टे नाहीत, पिठात घोळल्यासारखे उभे. पुसलं तर जात नाही. नखाने खरवडलं तर खालचा रंगही येतो.

मी खाली बसले आणि मोठ्याने शिव्या दिल्या. वरच्या वहिनींनी वाकून पाहिलं आणि काही न बोलता आत गेल्या. तेवढं त्यांचं मानलं पाहिजे.

दोन आठवडे राहिले आहेत. आजच सगळे लॅबमध्ये नेते. परत काढून टाकते सगळं. काढायचं कसं ते तरी मला येतं.

आई


२७ जुलै

चिंगे,

कालच्या पत्राची शेवटची ओळ लिहिली, पाकीट बंद केलं, पेटीत टाकलं आणि कामाला गेले. बसमध्ये लक्षात आलं मी काय लिहिलं ते.

तरी लॅबमध्ये गेल्यावर जेवणाच्या सुट्टीत स्टीलचं भांडं काढलं, ॲसिटोन ओतलं. बाकी सगळे बाहेर गेले होते. एक शिपाई चिमट्याने धरून आत सोडला. आधी काही होत नाही. मग कडेने रंग सुटतो, विरघळत नाही, सायीसारखा उचलून येतो. निळं वर आलं. मग पांढरे पट्टे, दोन बारीक धागे. मला प्रत्येक पायरी आधीच माहीत होती. आता कोट सुटेल, आता चेहरा. त्या वासासकट माहीत होती.

तू घर सोडायच्या आधी एकच प्रश्न विचारला होतास. "आई, तुला माहीत होतं का रंग जाणार?" मी म्हटलं, नाही गं, मला काय माहीत.

माहीत होतं.

छत गळलं नव्हतं. खोका भिजला नव्हता. तुझ्या कॉलेजमधून फोन आला, की दात घडवायच्या प्रात्यक्षिक परीक्षेला मुलगी बसलीच नाही. तू त्या दिवशी क्लबच्या सामन्याला गेली होतीस. मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या शेजारची खुर्ची तुझी. लॅबच्या सरांनी त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नव्हतं. तू घरी आलीस, सामना जिंकून आली होतीस, झोपलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझा खोका उचलला आणि कामाला गेले.

रागात केलं असं लिहिणार होते. पण लॅबपर्यंत चाळीस मिनिटं लागतात. खोका मांडीवर होता. बस वळली की मी त्यावर हात ठेवत होते, आत काही मोडू नये म्हणून. एवढी काळजी रागात कोणी घेत नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो माझ्या टेबलाखाली होता, आणि मी तोवर चार दात केले, चारही चांगले झाले. मग तो उघडला. मशीनमध्ये पाणी नव्हतं, ॲसिटोन होतं. सहा खेपा. आणि नंतर, हे मी स्वतःलाही सांगितलेलं नाही, बक्कलांच्या खाचेत थोडा थोडा रंग राहिला होता, तर मी बारीक ब्रश घेऊन तोसुद्धा काढला. अर्धवट काम मला ठेवता येत नाही.

गळतीचं घरी येताना सुचलं. तुला इतकी वर्षं वाटत असेल की कदाचित आईला खरंच माहीत नसेल. किंवा वाटत नसेल. पण ते ठरवायचं काम मी तुझ्यावर टाकलं, हे रंग काढण्यापेक्षा वाईट होतं.

मी तुला माझ्या खुर्चीत बसवायला निघाले होते आणि तू उठून गेलीस, म्हणून मी तुझी चार वर्षं पुसली. याला दुसरं नाव मला सापडत नाही.

बाकीचे पंच्याण्णव आत टाकले नाहीत. वायरमन काकांना फोन केला. ते म्हणाले, घाबरू नका, कोरड्या दिवशी वरून चमकणारं वॉर्निश मारा, धुकं जातं बऱ्याचदा. मग त्यांनाही सांगितलं, की पाण्याने गेला नव्हता. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग?"

म्हणून हे.

दहा तारखेच्या लढाईला मी तिथे असेन. मी नको असेन तर काकांना सांग, मी डबे त्यांच्याकडे देऊन घरी राहीन.

आई


११ ऑगस्ट

चिंगे,

काल तुझी बस सुटल्यावर मी थांब्यावर उभीच राहिले, आणि मग आपल्या घराची बस सोडून भलत्याच बसमध्ये चढले. साडेसातला घरी पोचले. आज लॅबमधून सुट्टी घेतली आहे आणि सकाळपासून नियमांचं पुस्तक घेऊन बसले आहे. का ते पुढे लिहिते.

आधी एक. तू केस इतके बारीक कापले आहेस की दारातून आलीस तेव्हा मी दुसरीकडेच बघत राहिले. बटणवाले म्हणाले, "अहो ताई, ती बघा," तेव्हा कळलं. तू टेबलाच्या पलीकडे उभी राहिलीस, पिशवी खांद्यावरून न काढता.

"पत्र मिळालं," म्हणालीस.

"कुठलं?"

"सगळी."

मग तू म्हणालीस, "त्याबद्दल मी आज बोलणार नाही. कधी बोलेन ते मला माहीत नाही. त्याची वाट बघत बसू नकोस."

बरं, म्हटलं.

मग मी डबे उघडले. धुकं गेलं होतं, सगळ्यांचं नाही, पण दुरून कळत नव्हतं. तू एक उचललास, उलटा केलास, तळ पाहिलास, बक्कल पाहिलीस. बराच वेळ पाहिलीस. मी म्हटलं, "तुझे आहेत. घेऊन जा."

"नाही. माझे गेले."

"तुझ्यासाठीच रंगवले गं."

"मग उगाच रंगवलेस. हे मी रंगवलेले नाहीत आई, तू रंगवलेस. तुझे आहेत. तूच लढव."

खोटं सांगत नाही, ते लागलं. मी तीन महिने ज्या क्षणासाठी अंगठ्याला घट्टे पाडून घेतले, तो अर्ध्या मिनिटात संपला. आणि तुझं बरोबर होतं, त्याचा राग अजून वेगळा. काका मध्येच म्हणाले, "बोलणं झालं असेल तर पूल रिकामा आहे." तू पिशवी खाली ठेवलीस, बटणवाल्यांना म्हणालीस, "तुमचे पांढऱ्या कोटवाले द्या मला. हिच्यासमोर मी खेळते." ते म्हणाले, "जपून गं, त्या टेकडी सोडत नाहीत."

मी टेकडी सोडली, हे तू पाहिलंस. पहिल्याच चालीत सोडली. चार पलटणी, सगळ्या खाली आणल्या. तू टेप धरलीस आणि भुवई वर केलीस, तेवढी मला दिसली. पुलावर माझे लोक दोन चाली उभे होते. तुझे फासे काय पडत होते! तुझी पहिली पलटण पळाली तेव्हा तू "श्शी" म्हणालीस, लहानपणी म्हणायचीस तशी, आणि मी जिंकणार असं मला चक्क वाटायला लागलं.

आणि मग तू डावीकडच्या झाडीतून घोडदळ काढलंस आणि सरळ माझ्या ओळीवर घातलंस.

"घोडे आले की पायदळाचा चौकोन करायचा असतो," तू म्हणालीस.

"वेळ कुठे दिलास?"

"लढाईत वेळ मागतात का?"

एका चालीत दोन पलटणी गेल्या. उरलेल्या दोन पुलावरून मागे. तू मारलेले शिपाई एकेक करून उचललेस आणि डब्यात ठेवलेस, बंदुका अडकू नयेत म्हणून सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला करून. मी तुझे हात बघत होते. पाच वाजून दहा मिनिटांनी तू पिशवी उचललीस. मी म्हटलं, थांब्यापर्यंत येते. तू नको म्हणाली नाहीस. थांब्यावर पोचलो आणि बस आली.

आता मुद्द्याचं. पान एकेचाळीस, तिसरा परिच्छेद. झाडीतून बाहेर पडणाऱ्या घोडदळाला त्याच चालीत हल्ला करता येत नाही. बाहेर यायचं, थांबायचं, आणि हल्ला पुढच्या चालीत. मी चार वेळा वाचलं, मेणवालीला फोन करून तिलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली मला काही कळलं नाही पण तुझं बरोबर आहे. म्हणजे मला एक चाल मिळायला हवी होती. एका चालीत माझा चौकोन झाला असता, आणि पूल माझा होता. वायरमन काका तिथेच कानावर पेन्सिल लावून उभे होते आणि गप्प बसले. त्यांनाही मी सोडणार नाही.

तुझ्याकडे जुनं पुस्तक असेल आणि त्यात हा नियम नसेल, तर पानाचा फोटो पाठव, मी मान्य करते. तसं पुस्तकच नसेल, तर चूक झाली असं लिही. एका ओळीत होतं. मला तीन वर्षं लागली, तू तेवढी घेऊ नकोस.

आई